गेटवरची वही

सहाला अंगठा लावायचा.
यंत्र बाईच्या आवाजात म्हणतं, धन्यवाद,
आणि मी कंपनीतून निघून जाते.
निघून जाते म्हणजे जिना चढून
परत माझ्याच खुर्चीत येते.

सगळ्यांना ठाऊक आहे.
एचआरच्या श्रीनिधीलाही. तिनंच तर सांगितलं,
कॅन्टीनमध्ये, मोसंबी सोलत, अगदी हळू:
नऊ तासांच्या वर पंच दिसला की ऑडिटला उत्तर द्यावं लागतं,
स्वल्प ॲडजस्ट माडी.

मार्चपर्यंत डिस्पॅचला आम्ही चौघं होतो.
इरय्या हिरेमठ, शैला मुतगेकर,
खानापूरहून पॅसेंजरनं येणारा तो नवा पोरगा, आणि मी.
एका शुक्रवारी तिघांना वर बोलावलं, एकेकाला.
शैलाचा डबा अर्धाच खाऊन झाला होता.
झाकण न लावता गेली.
डबा मी विसळला.

मग इरय्याच्या फायली माझ्याकडं,
शैलाची ई-वे बिलं माझ्याकडं,
पोरग्याचं काम नक्की काय होतं कुणालाच माहीत नव्हतं,
तेही माझ्याकडं.
पगार तिथंच. नावापुढं मात्र एक शब्द वाढला,
सीनियर.

इरय्याच्या खणात चष्म्याची काडी निघाली,
अंगाऱ्याची पुडी
आणि कानडीत लिहिलेली एक चिठ्ठी.
माझं कानडी दुकानांच्या पाट्यांपुरतं.
अक्षराला अक्षर लावत वाचली:
नाळे.
उद्या.
कुठलं काम, कुणाचं, काही नाही.
तेही मी यादीत धरलं.

खाली शॉपवर भोंगा होतो.
लेथवरचे थांबले तर दुप्पट दरानं ओटी, कार्डावर शिक्का.
आम्हाला नाही. आम्ही स्टाफ.
मी स्टाफ झाले तेव्हा बाबांनी
वडगावात अख्ख्या गल्लीला कुंदा वाटला होता.
चाळीस वर्षं मागावर बसलेला माणूस,
एक साडी जास्त विणली तर एका साडीची मजुरी,
एवढंच गणित त्यांना येतं.
परवा जेवताना म्हणाले,
"रोज दहा वाजूलेत तुला. जास्तीचे किती देऊलेत?"
मी म्हटलं, बाबा, आमटी वाढू?

सहा ते साडेदहा मी कुठं असते?
यंत्र म्हणतं, गेली.
घर म्हणतं, आली नाही.
आमच्या या मुलखाला तशी सवय आहे अधांतरी राहायची,
पण त्याच्यावर निदान दोघं दावा सांगतात,
वकील लावतात, तारखा घेतात.
माझ्या साडेचार तासांवर कुणीच नाही.

काल गेटवर भरमाण्णानं स्कूटी थांबवली.
"बाई, आजपासनं सही लागतीय."
दिवाळीत पितळी व्हॉल्व्ह चोरीला गेले, तेव्हापासून
बाहेर पडणारी प्रत्येक गाडी तो वहीत टिपतोय,
नंबर आणि वेळ, पेन्सिलीनं.
बॅटरीच्या उजेडात मी मागची पानं उलटली.
दहा चाळीस. दहा पंधरा. अकरा पाच.
शनिवारी नऊ पन्नास.
त्या रविवारीही, जो मी स्वतः विसरले होते.
माझ्या गाडीचा नंबर, त्याचं तिरकं अक्षर,
सातावर उगाच एक टोपी.

"बघतंय का कुणी ही वही?"
"कोण बघूलंय. भरली की रद्दीत."
"भरली की मला दे."
त्यानं माझ्याकडं बघितलं, मग ऑफिसच्या खिडकीकडं.
तो कंत्राटी. त्याची पाळी बारा तासांची.
त्याची वेळ कोण लिहितं, हे मी विचारलं नाही.
अंगठ्याला थुंकी लावून त्यानं कोरी पानं मोजली.
"अकरा उरल्यात."

चौथं गेट बंद होतं.
मालगाडी जात होती, लोखंडाची, संपता संपेना.
अकरा पानं, पानाला बावीस ओळी,
रात्री साधारण आठ-नऊ गाड्या.
स्कूटी बंद करून मी हिशेब करत बसले.
चुकला.
पुन्हा पहिल्यापासून धरला.